पाऊण इंची एल्बो की ३ एप्रिल? स्टॉक एक्सेलमधून सॉफ्टवेअरमध्ये नेताना या चुका टाळा

हार्डवेअरच्या दुकानातली स्टॉकची शीट हातात आली की मी आधी साइजचा कॉलम बघतो. एल्बो आणि टी या पाइपच्या जोडांपैकी एल्बोसमोर ‘३ एप्रिल’ आणि टी-समोर ‘१ फेब्रुवारी’ लिहिलेलं हमखास सापडतं. कुणी तरी ३/४ आणि १/२ टाइप केलेलं असतं आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकलेली असते. दुकानात हे चालून जातं, कारण काउंटरवरच्या माणसाला ३ एप्रिल म्हणजे पाऊण इंची हे पाठ झालेलं असतं. सॉफ्टवेअरला ते पाठ नसतं. घाबरून त्या कॉलमचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केलंत तर तिथे ४५७५० असा आकडा उमटतो (एक्सेल तारखा अशाच दिवस मोजून साठवतं). मग एल्बोची साइज पंचेचाळीस हजार!

एक्सेलच्या या सवयीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. मार्च-१, सेप्ट-१ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा होत होत्या, म्हणून २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली गेली. तुम्ही एल्बोचं नाव बदलू नका. रिकामा कॉलम आधी टेक्स्ट करा आणि साइज नव्याने टाइप करा. बारकोडचंही तेच. ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी कोड सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम पाडलेली साधी) फाइल एक्सेलमध्ये उघडताच ‘८.९ई+१२’ असा आखडतो आणि तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. किराणावाल्यांनी एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा कोड) कॉलम तपासावा. चहाचा ०९०२ तिथे ९०२ होऊन बसलेला असतो.

नावांची साफसफाई कंटाळवाणी, पण टाळता येत नाही. ‘सीपीव्हीसी एल्बो ३/४’, ‘एल्बो पाऊण सीपी’, ‘२० एमएम एल्बो’ या तीन ओळी म्हणजे एकच डबा. तसंच ठेवलंत तर खरेदी एका नावावर चढते, विक्री दुसऱ्यावर. एका ओळीत माल फुगत जातो, दुसरीत उणे.

सगळ्यात महागात पडते ती एककाची चूक. वायर कॉइलने येते, विकली जाते मीटरने. समजा दहा कॉइल आल्या, प्रत्येकी ९० मीटर, भाव १,८०० रुपये. खरेदी टाकणाऱ्याने एकक मीटर असताना नुसते ‘१०’ लिहिले. पहिलंच गिऱ्हाईक २५ मीटर घेऊन गेलं की स्टॉक उणे १५. वर मीटरची खरेदी १,८०० रुपये पडलेली दिसते, म्हणजे २५ रुपयांनी विकलेल्या प्रत्येक मीटरवर प्रचंड तोटा! खरी खरेदी २० रुपये मीटर. म्हणून काउंटरवर ज्या सगळ्यात लहान मापाने माल सुटतो तेच मूळ एकक धरा आणि कॉइल, पेटी, ग्रोस ही त्याची पटीतली एककं म्हणून जोडा: १ कॉइल = ९० मीटर, १ ग्रोस = १४४ नग. हे पहिल्या बिलाच्या आधी ठरवा. एकदा व्यवहार चढले की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मूळ एकक बदलताच येत नाही.

ओपनिंग स्टॉक (सुरुवातीचा शिल्लक माल) शीटवरून उचलू नका. सुट्टीच्या दिवशी शटर ओढून मोजा. ३१ मार्चला जमलं तर उत्तम, वर्षअखेरची मोजदाद तशीही करायचीच असते. मोजणाऱ्याच्या हातात जुना आकडा देऊ नका. ‘४८’ लिहिलेलं दिसलं की ४६ नगसुद्धा ४८ भरतात, हा माझा नेहमीचा अनुभव. चलनावर (माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर) बाहेर गेलेला पण बिल न झालेला माल आणि दुकानात आलेला पण खरेदी न चढवलेला माल यांची वेगळी यादी करा, नाहीतर तो दोनदा धरला जातो किंवा एकदाही नाही. मोजणीत कमी भरलेला माल गुपचूप उडवू नका. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या वा राइट-ऑफ केलेल्या मालावर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, आधी घेतलेलं असेल तर ते परत करावं लागतं. सीएला आधी विचारा.

‘थोडे दिवस एक्सेल आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे लिहू’ हे मला पटत नाही. संध्याकाळी दमलेला माणूस एकाच ठिकाणी लिहितो, आणि तेही सवयीच्या. त्यापेक्षा रोज कुठल्याही वीस वस्तू मोजून सॉफ्टवेअरशी ताडून बघा.

पहिल्याच दिवशी ‘स्टॉक नसेल तर बिल होऊ नये’ हे बटण दाबू नका. समोर गिऱ्हाईक उभं, हातात माल, आणि स्क्रीन म्हणते शून्य. अशा वेळी काउंटरवाला दुसऱ्याच वस्तूच्या नावाने बिल फाडतो आणि एका चुकीच्या दोन होतात. महिनाभर फक्त इशारा चालू ठेवा. रोज सकाळी उणे स्टॉकची यादी काढा आणि क्रमाने बघा: खरेदी चढवायची राहिली का, एकक चुकलं का, जुळं नाव आहे का. बहुतेक गुंता या तिन्हींतच सुटतो.

पाच वर्षांची जुनी विक्री आत ओतायची गरज नाही. वस्तू, ओपनिंग स्टॉक आणि येणी-देणी एवढं पुरे. जुनी फाइल मात्र फक्त वाचण्यापुरती करून दोन ठिकाणी जपा. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात.