आर्द्रतेचा टक्का बघून वळवाचा अंदाज बांधू नका

हवामानाचा अभ्यास सुरू करणारी बहुतेक मुलं आधी ढगांची नावं पाठ करतात. सिरस, स्ट्रॅटस, क्युम्युलस, मग त्यांची पोटनावं. ल्यूक हॉवर्डने १८०२ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून चालते, ती यायलाच हवी. पण नाव सांगता आलं म्हणजे पाऊस सांगता येतो असं नाही. ढगाचा तळ किती उंचीवर येणार आणि तो तिथून किती वाढणार, खरा अभ्यास त्याचा आहे.

आणि इथेच तो खड्डा आहे, ज्यात मी फार काळ अडकले होते: सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मोबाइलवर दिसणारा तो टक्का. कोल्हापुरातला मे महिन्याचा एखादा दिवस घ्या. सकाळी सहाला तापमान २३ अंश, आर्द्रता ८३ टक्के. दुपारी तीनला तापमान ३७ आणि आर्द्रताही ३७ टक्क्यांवर. नवखा माणूस लगेच म्हणतो, हवा कोरडी पडली, आज वळीव नाही. पण वाफ कुठेच गेलेली नाही! दोन्ही वेळी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, २० अंशच आहे. तापलेल्या हवेला संपृक्त व्हायला, म्हणजे वाफेने पुरती भरायला, जास्त वाफ लागते, म्हणून नुसता टक्का घसरला. टक्का तापमानाबरोबर वरखाली होतो. हवेत वाफ किती आहे ते दवबिंदू सांगतो. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता पुढचं गणित. वर चढणारी हवा किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते, तिचा दवबिंदू मात्र २ अंशांनीच उतरतो. म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरला ८ अंशांनी मिटतं. म्हणून तापमानातून दवबिंदू वजा करा, १२५ ने गुणा. जमिनीपासून साधारण तितक्या मीटरवर ढगाचा तळ. वरच्या मेच्या दुपारी तो २१२५ मीटरवर येतो. मार्चमध्ये ३६ अंश आणि दवबिंदू ८ असेल तर ३५०० मीटर. तिथून पाऊस सुटला तरी बराचसा वाटेतच आटतो. जुलैत २५ आणि २२ असेल तर फक्त ३७५ मीटर. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा चारेकशे मीटर उंच, म्हणून पावसाळ्यात गड ढगात बुडतो.

घाबरू नका, हे गणित दोन आठवड्यांत हातात बसतं. पण दवबिंदू चांगला दिसला की वळीव पक्का, असंही समजू नका. वरची हवा पुरेशी थंड हवी आणि खालच्या हवेला वर उचलणारं काहीतरी हवं. दुपारी क्युम्युलसच्या माथ्यावर नजर ठेवा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडा रेखीव असतात तोवर तिथे पाण्याचे थेंब असतात. त्या कडा पिंजून धूसर व्हायला लागल्या की माथा गोठतोय, आता विजा. अशा वेळी मोकळ्या माळावर किंवा झाडाखाली थांबू नका. ढग बघण्याच्या नादात माणसं हेच विसरतात.

जुलैचा पाऊस वेगळा. पश्चिमेचे वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, तिथले पुष्कळसे ढग बुटके असतात, बर्फाशिवाय थेंबाला थेंब मिळून बरसतात, म्हणून झड लागते पण गडगडाट क्वचित. गगनबावड्याला धो धो आणि शिरोळला भुरभुर, हे एकाच दिवशी एकाच जिल्ह्यात होतं. तेव्हा इशारा वाचताना घाटमाथ्यासाठी आहे की सपाटीसाठी, ते आधी बघा. शहरात उघडीप असतानाही राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा चढत असते, ती याच घाटातल्या पावसामुळे.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत नकाशांवर माझा राग आहे. संगणकाच्या कुठल्या मॉडेलचा, कधीचा अंदाज, काहीच लिहिलेलं नसतं, आणि ते पुढे ढकलणारा स्वतःला तज्ज्ञ म्हणवतो. मार्गदर्शक शोधायचा तर कालचा अंदाज का हुकला हे तुमच्यासमोर बसून तपासणारा शोधा. मला असे एक शिक्षक भेटले. ते आधी ओल्या तापमापकाची वात बघायचे, म्हणजे दवबिंदू काढण्यासाठी त्याच्या फुग्याला गुंडाळलेलं ओलं कापड. वात मळलेली किंवा सुकलेली असेल तर तो पारा खाली उतरत नाही, आणि दवबिंदू खोटाच जास्त येतो.

पुढे शिकायचं असेल तर बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी आहे, संशोधनासाठी पुण्यातच आयआयटीएम ही उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था, आणि त्यांची ढगांवरची प्रयोगशाळा महाबळेश्वरला. कलनशास्त्र कच्चं असेल तर पहिलं सत्र जड जाईल, माझंही गेलं. दुसऱ्यात सावरता येतं. तोवर पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशीच ठेवा. हवामान खात्याचे आकडे त्याच वेळेचे असतात, मध्यरात्रीपासून मोजलेला पाऊस त्यांच्याशी जुळणार नाही.