पुढच्या ब्रेकचा पाइप कोणी कापला असेल तर बाईक नीट कशी करायची

सकाळी खाली गेलात, बाईक काढली, पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकला, खाली टायरजवळ तेलकट डाग, तर पहिलं काम म्हणजे चावी काढून खिशात टाका. "मागचा ब्रेक आहे ना, हळूहळू गॅरेजपर्यंत नेतो" हा विचार डोक्यातून काढा. ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवायचं जास्त काम पुढचा ब्रेकच करतो, आणि आपल्याकडे समोर कधी रिक्षा यू टर्न मारेल नेम नाही. मेकॅनिकला घरी बोलवा नाहीतर टेम्पोत टाकून न्या, किंवा हात चालत असतील तर खाली सांगतो तसं स्वतः करा.

काहीही पुसायच्या आधी फोटो काढा. कापलेला पाइप जवळून, नंबर प्लेटसकट पूर्ण बाईक, जमिनीवरचा डाग. पाइप जुना होऊन फुटला असेल तर तिथे रबरला बारीक भेगा दिसतात आणि तो फाटल्यासारखा असतो, ब्लेड किंवा कटरने कापलेला असेल तर कड एकदम साफ असते, हा फरक फोटोत दिसला पाहिजे. मग सोसायटीचा आणि समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं आणि सेक्रेटरी काका "रविवारी बघू" म्हणेपर्यंत गेलेलं असतं. पोलीस स्टेशनला तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये हा प्रकार येतो, जुन्या आयपीसीत ४२७ लावायचे. बहुतेक वेळा एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) भागवतात, तरी तो कागद हातात असलेला बरा, पार्किंगच्या भांडणातून झालं असेल तर पुन्हा होऊ शकतं. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी असेल तर यातलं काहीच मिळणार नाही. फुल असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा, पण नुसत्या पाइपसाठी क्लेम करू नका असं माझं मत, नो क्लेम बोनस जातो आणि तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो.

फोटो झाले की लगेच पाणी मारा. ब्रेक ऑइल रंग खातं, टाकीवर किंवा मडगार्डवर राहिलं तर रंग फुगून निघतो, पण ते पाण्यात विरघळतं त्यामुळे बादलीभर पाण्याने काम होतं. डोळ्यात जाऊ देऊ नका आणि हातमोजे घाला.

आता बाकीची बाईक तपासा. ज्याने एक पाइप कापला त्याने फक्त तेवढंच केलं असेल असं का धरून चालायचं? टॉर्च घ्या आणि मागचा ब्रेक, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, पेट्रोलचा पाइप, दोन्ही टायर आणि त्यांचे व्हॉल्व्ह, कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट, पुढच्या ॲक्सलचा नट, आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर, सगळं हाताने हलवून बघा. अर्धवट कापलेली केबल बाहेरून चांगली दिसते आणि फ्लायओव्हरवर तुटते, म्हणून केबल वाकवून बघायची.

पुढे ड्रम ब्रेक असेल तर विषय छोटा आहे, नवी केबल टाका, ॲडजस्टर फिरवून लिव्हरला मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा प्ले (मोकळी हालचाल) ठेवा, लिव्हर सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय बघा, झालं.

डिस्क असेल तर सामान आणा. तुमच्याच मॉडेलचा पाइप हवा, लांबी आणि टोकांचा कोन जुळला पाहिजे, म्हणून जुना पाइप (सोडायचा कसा ते खाली आहे) पिशवीत घालून दुकानात न्या. एबीएसवाल्या बाईकला एकाऐवजी दोन वेगळे पाइप असतात, एक हँडलकडून एबीएस युनिटला आणि एक तिथून कॅलिपरला, कुठला कापलाय ते आधी बघा. तांब्याचे वायसर नवे घ्या, प्रत्येक बोल्टला दोन लागतात, जुने दाबले गेलेले असतात आणि त्यातून ऑइल पाझरतं. ऑइल डॉट ३ ग्रेडचं की डॉट ४ हे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, तेच घ्यायचं, डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते यात चालत नाही. छोटी सीलबंद बाटली घ्या, हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडी बाटली ठेवण्यात अर्थ नाही. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० डिग्री असतो, पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्पेअर पार्ट मिळतात, पण ब्रेकच्या बाबतीत लोकल माल घेऊन शंभर दोनशे वाचवू नका. शिवाय माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी आणि मेडिकलमधून एक मोठी सिरिंज.

कापलेल्या पाइपला टेप, एम-सील, क्लॅम्प लावून काम भागवू म्हणणारा एकजण प्रत्येक नाक्यावर भेटतो. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. लिव्हर जोरात दाबल्यावर आत जे प्रेशर तयार होतं त्यापुढे असला जोड टिकत नाही, आणि तो सुटणार नेमका जोरात ब्रेक मारताना.

टाकीवर जुनी चादर टाका. डब्याच्या झाकणाचे स्क्रू मऊ असतात, स्क्रू ड्रायव्हर नीट दाबून धरूनच फिरवा नाहीतर खाचा जातात आणि मग दिवस त्यातच जातो. दोन्ही टोकांचे बोल्ट काढून जुना पाइप सोडा, तो कुठल्या क्लिपमधून गेलाय त्याचा फोटो आधी घ्या आणि नवा तसाच न्या. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, पुढचं सस्पेन्शन दाबून बघा, पाइप कुठे ताणला किंवा चाकाला घासला नाही पाहिजे. बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा, ऑइलचा डबा ज्याला असतो तो भाग) ॲल्युमिनियमचा असतो, ताकद लावून आवळलं की आटे गेले.

कॅलिपरमध्ये पॅड बघा. ऑइल लागलं असेल तर बदलाच. पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने धुवून पुन्हा लावणारे खूप आहेत, पण ऑइल पॅडच्या आत मुरतं आणि गरम झाल्यावर बाहेर येतं. डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा, फडकं पांढरं येईपर्यंत.

मग हवा काढायची, यालाच सगळा वेळ लागतो. लाइन पूर्ण रिकामी आहे, त्यामुळे वरून पंप करत बसलात तर हात दुखून येतील आणि लिव्हर काही कडक होणार नाही. हवा वर जाते, मग ऑइल खालून भरा ना: सिरिंजमध्ये ऑइल घेऊन आधी नळीतली हवा बाहेर काढा, नळी कॅलिपरच्या निप्पलला (हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) लावा, निप्पल अर्धा फेरा सैल करा आणि हळूहळू ढकला. वर डब्यात बुडबुडे येताना दिसतील, डबा भरून वाहणार नाही याकडे कोणालातरी लक्ष ठेवायला सांगा. निप्पल बंद करा. आता नेहमीची पद्धत, नळीचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, लिव्हर दोन चार वेळा हळू दाबा, दाबून धरा, निप्पल जरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. बंद करायच्या आधी सोडला की हवा परत आत. डब्यातलं ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. नळीत एकही बुडबुडा दिसत नाही तोवर चालू ठेवा, मधेमधे पाइपला आणि वरच्या बोल्टला पान्याच्या दांड्याने हलकं ठोका, तिथे हवा अडकून बसते. तरीही लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर तो ग्रिपला रबर बँडने दाबून बांधून रात्रभर ठेवा, सकाळी बऱ्याचदा फरक पडलेला असतो. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर मात्र हे उपाय पुरत नाहीत, सर्विस सेंटरला कंप्युटर लावून ती काढावी लागते, आणि मीटरवर एबीएसचा दिवा चालू राहिला तरी तिथेच जा.

ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून झाकण लावा. लिव्हर पूर्ण जोर लावून अर्धा मिनिट दाबून धरा, हळूहळू ग्रिपकडे सरकत गेला तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचे रबर गेलेत. दोन्ही बोल्ट आणि निप्पलवर टिश्यू फिरवा, कोरा राहिला पाहिजे. मग इंजिन बंद ठेवून ढकलत ब्रेक लावा, नंतर कंपाउंडमध्ये चालायच्या स्पीडने, नंतर गल्लीत. नवे पॅड असतील तर लगेच वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर जाऊ नका, ते डिस्कवर बसेपर्यंत ब्रेक कमी धरतो, रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या स्पीडवरून हळू दाबत पंधरा-वीस वेळा थांबा. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी डब्याची लेव्हल बघा आणि टिश्यू परत एकदा फिरवा. उरलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्या.