हलकी सॅक भरताना या चुका टाळा

टायटॅनियमचा चमचा घेतल्याने कुणाची सॅक हलकी झालेली नाही. स्टीलच्या चमच्यापेक्षा तो फार तर वीस-पंचवीस ग्रॅम वाचवतो आणि त्याच सॅकमध्ये ‘असू दे’ म्हणून कोंबलेली जीन्स अर्ध्या किलोची असते. राजगड-तोरणा किंवा रतनगड-हरिश्चंद्रगडसारख्या मुक्कामी रेंज ट्रेकला, म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जाण्याला, अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकीचं सामान पाच-सहा किलोत बसू शकतं. आपल्याकडे बर्फ नाही, थंडी बहुधा दहा अंशांच्या आसपास. तरी लोक दुप्पट ओझं वाहतात.

सॅक आधी घेणं

साठ लिटरची जाड पट्ट्यांची सॅक रिकामीच दीड-दोन किलो भरते आणि जागा दिसली की माणूस ती भरतोच. सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक वस्तू ठेवा आणि ग्रॅम वहीत लिहा. झोपायचं सामान, निवारा आणि सॅक, या तिघांत निम्मं वजन सापडतं. चमचा नंतर बघू. हलकेपणाला पैसेच लागतात हेही खरं नाही. अमेरिकेतल्या एमा गेटवुड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अपालाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची डोंगरवाट एकटीने पूर्ण चालून काढला. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा.

कोरड्या हवेचं सामान दमट हवेत आणणं

हलक्या सामानाची बरीच माहिती अमेरिकेतून येते. तिथल्या कोरड्या डोंगरात एकपदरी तंबू आणि पिसांची स्लीपिंग बॅग उत्तम चालते. पिसांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते. पिसं भिजून एकमेकांना चिकटली की ती ऊब गेली. म्हणून पावसाळ्यात सह्याद्रीत सिंथेटिक भरावाची बॅग बरी, दोन-तीनशे ग्रॅम जड असली तरी.

एकपदरी तंबूत पहाटे आतून थेंब ठिबकतात तेव्हा ‘शिवण गळतेय’ म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. बहुतेक वेळा तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो, गार कापडावर पाणी होऊन साचलेला. पाण्याच्या टाक्यापासून आणि खोलगट जागेपासून दूर, थोडं उंचावर तंबू लावा, दोन्ही तोंडं उघडी ठेवा. शिवणीचं पाणी शिवणीच्या रेषेवर दिसतं, श्वासाचं सगळीकडे. एवढा फरक ओळखला की निम्मी भांडणं मिटतात.

संध्याकाळी तंबूऐवजी ताणून लावलेली नायलॉनची ताडपत्री रात्री लोंबते, कारण नायलॉन ओल खाऊन सैल पडतं. झोपायच्या आधी दोऱ्या पुन्हा ओढा किंवा मुळातच पॉलिएस्टरचं कापड घ्या, ते फारसं ताणत नाही. आणि कातळावर खुंट्या शिरत नाहीत, हे गडावर पोचल्यावर आठवून उपयोग नसतो. प्रत्येक कोपऱ्याला हातभर जादा दोरी ठेवा, म्हणजे दगडाला बांधता येईल. काठीसाठी कारवीची झुडपं तोडू नका. हातातल्या ट्रेकिंग पोलवर ताडपत्री छान उभी राहते.

‘वॉटरप्रूफ आहे’ यावर विश्वास

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटात ‘पॅराशूट कापड’ मागितलं की समोर काहीही येऊ शकतं. आधी वीतभर तुकडा घ्या. पातेल्यावर सैल बांधा, खड्ड्यात पेलाभर पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालून बोटाने दाबून घासा. बोट ओलं झालं तर ते कापड सामानाच्या थैल्यांना ठीक, डोक्यावर नको.

पहिल्यांदा शिवायला थैल्याच घ्या. चुकल्या तरी चार सरळ शिवणींचं नुकसान. ताडपत्री त्यानंतर, सॅक अगदी शेवटी. ताडपत्रीसाठी बारीक सुई, पॉलिएस्टरचा दोरा (सुती दोरा कुजतो) आणि टाचण्यांऐवजी कागदाच्या क्लिपा, कारण टाचणीचं प्रत्येक भोक पावसाला वाट देतं. कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण घाला. कोपऱ्यांना चार पदरी ठिगळ हवंच, वारा तिथेच फाडतो. शिवण बुजवताना लोक हमखास अडतात: सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर शिवण बुजवायची टेप टिकत नाही, त्यावर सिलिकॉनच चिकटतं. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पारदर्शक सिलिकॉन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावा. आतून पॉलियुरेथेनचा लेप असेल तरच टेप.

सॅकवरचं रेनकव्हर मात्र मला आवडत नाही. पाठीवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांमधून आत जातंच आणि कड्यावरच्या वाऱ्यात कव्हर उडतं. खताच्या गोणीत असतं तसं जाड प्लॅस्टिक आतून लावा आणि तोंड पिळून बांधा.

डब्याची चूल

कोल्ड्रिंकच्या डब्याची स्पिरिटची चूल दहा-पंधरा ग्रॅमची आणि फुकटात होते. म्हणून सगळे करतात आणि बरेच भाजून घेतात. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसतच नाही. चूल विझली असं समजून वरून स्पिरिट ओतू नका, पूर्ण गार होऊ द्या. तंबूत तर कधीच पेटवू नका. आगीचं भय आहेच, शिवाय कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. पाणी उकळत नसेल तर दोष बहुधा वाऱ्याचा, त्यामुळे आडोसा आधी. जानेवारीनंतर गवत वाळलं की ही चूल घरीच ठेवा, अभयारण्यात तर आगीला मनाईच असते. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी हंगामात पिठलं-भाकरी मिळते, तिथे चूल, भांडं आणि इंधन तिन्ही वाचतात.

जिथे ग्रॅम मोजायचे नाहीत

अलंग-मदन-कुलंग या कातळ चढाईच्या गडांना लागणारा दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि स्लिंग (आधाराला अडकवायची पट्टी) घरी शिवायच्या वस्तू नाहीत, कापून हलक्या करायच्याही नाहीत. प्रथमोपचाराची पेटी आणि टॉर्चचे जादा सेल यांनाही हात लावू नका.

पाणी लिटरला किलो, त्यात सूट नाही. हलकी सॅक म्हणून दोनच लिटर घेऊन निघणारे फेब्रुवारीनंतर फसतात, कारण गडावरची बरीच टाकी तोवर आटतात किंवा शेवाळतात. रिकामी प्लॅस्टिकची बाटली वीस-तीस ग्रॅमची असते, तेव्हा जादा दोन घ्या आणि पाणी दिसेल तिथे भरा. कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणार असाल, तर पुढे कुठे पाणी आहे हे वाटेवरच्या कुमशेत गावातच विचारून घ्या.