डासांच्या नोटिशी काढताना या चुका टाळा

पावसाळा लागला की साचलेल्या पाण्यात डास होऊ दिल्याबद्दल नगरपरिषदांच्या आरोग्य विभागातून जागामालकांना नोटिशी धडाधड निघतात. त्यातल्या अनेक पहिल्याच हरकतीला गळतात आणि तोवर गल्लीत डेंग्यू पसरतो. नव्या स्वच्छता निरीक्षकांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दुसऱ्या शहराची नोटीस उचलणं. व्हॉट्सॲपवर मुंबईचा नमुना फिरतो, त्यात कलम 381 ब असतं. ते 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं. पुणे-नाशिकसारख्या महापालिकांना 1949 चा अधिनियम लागतो, नगरपरिषदांना 1965 चा, ग्रामपंचायतींचा आणखी वेगळा. एका नगरपरिषदेत टायरच्या गोदामात अळ्याच अळ्या सापडल्या होत्या. शेजारच्या वस्तीत तापाचे रुग्ण होते. फोटो होते, पंचनामा होता, साक्षीदारांच्या सह्या होत्या. नोटिशीवर मात्र मुंबईचं कलम. मालकाच्या वकिलाचं दोन ओळींचं उत्तर आलं: हा कायदा या गावाला लागू नाही. मुख्याधिकाऱ्यांना नोटीस मागे घ्यावी लागली. नवी निघेपर्यंत टायरमधलं पाणी तसंच राहिलं आणि वस्तीत ताप वाढत गेला. पाच मिनिटं वाचवायला गेलेल्या माणसाने अख्खा मोसम घालवला, याचा मला आजही संताप येतो.

मी आपल्या कायद्याची प्रत टेबलावरच ठेवतो. कलम हाताने लिहितो, पोटकलम वाचतो आणि मगच सही करतो. अधिकार मुळात आयुक्तांचे किंवा मुख्याधिकाऱ्यांचे असतात. ते तुम्हाला सोपवल्याच्या आदेशाची प्रत फाइलमध्ये हवीच.

मुदतीचंही तेच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि नोटिशीत मुदत देतात पंधरा दिवसांची! पाणी ओतून टाकायला चोवीस तास पुरतात.

नोटीस वॉचमनच्या हाती देऊन परत येऊ नका. पोच घ्या.

धुरळणी म्हणजे कारवाई नव्हे. अळ्या पाण्यात असतात.

1897 च्या साथरोग अधिनियमाचं नाव घेऊन परस्पर आदेश काढू नका. त्यातले अधिकार राज्य सरकारचे. सरकार ज्याला देईल त्यालाच ते वापरता येतात. मार्च 2020 च्या कोरोना नियमावलीत ते जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त अशा अधिकाऱ्यांना दिले होते. तरीही कित्येक गावांनी स्वतःच रस्ते खणले, वेशी अडवल्या आणि रुग्णवाहिकाही अडकल्या.

आता घरात शिरण्याबद्दल. संसर्गाच्या संशयावरून वेळी-अवेळी तपासणीची मुभा मुंबईच्या कायद्यात आहे, म्हणून दार ढकलायचं नसतं. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या अमलाखाली सैनिक घरोघरी घुसले. लोक रुग्ण लपवू लागले, आणि लपवलेला रुग्ण म्हणजे पसरणारी साथ. शक्यतो दिवसा जा, ओळखपत्र दाखवा, आशाताईंना बरोबर घ्या. तरीही घरच्यांनी नकार दिला तर पंचांसमक्ष तो लिहून घ्या आणि तोच कागद त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवा.