तिकिटावरून विमानप्रवासाचे खरे तास कसे काढावेत

मुंबईहून दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६:३० ला लंडन, असं तिकिटावर दिसलं की प्रवास पाच तासांचा वाटतो. पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. औषधांच्या वेळा किंवा लहान मुलाचं खाणं ठरवायचं तर खरे तासच हाती हवेत.

१. पोहोचण्याची वेळ भारतीय वेळेत आणा. लंडनसाठी उन्हाळ्यात ४:३० तास मिळवा, हिवाळ्यात ५:३०. उन्हाळ्यात ६:३० म्हणजे आपले रात्रीचे ११.

२. त्यातून निघण्याची वेळ वजा करा. ९ तास ३० मिनिटं. वेळेपुढे +१ असेल तर तारीख दुसऱ्या दिवशीची धरा.

३. उत्तर अंतराशी ताडून बघा. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्समध्ये मुंबईवर राइट क्लिक करून 'अंतर मोजा' निवडा, मग लंडनवर क्लिक करा. साधारण ७,२०० किमी येतील. भागिले ८५० (विमानाचा साधारण वेग, ताशी किमी), अधिक चढ-उताराचा अर्धा तास: सुमारे ९ तास. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणून जाताना वेळ जास्त आणि परतताना कमी लागतो. एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर वळसाही पडतो.

लंडनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. या दिवसांच्या आसपास प्रवास असेल तर पोहोचण्याच्या तारखेचा फरक धरा, बुकिंगच्या दिवसाचा नव्हे.