क्रॅशनंतर बोर्डाला सेन्सर दिसत नाही? रीबूट करून भागत नाही

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या बागेत किंवा कोळंबीच्या तळ्यावर लावलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाचा खरा कस वळवाच्या पावसात लागतो. लाइट सारखी ये-जा करते, बोर्ड अडकतो आणि परत चालू झाल्यावर सेन्सर, घड्याळाचं मॉड्यूल नाहीतर यूएसबी डिस्क गायब झालेली असते. अशा वेळी हटकून मिळणारा सल्ला म्हणजे कार्ड फॉरमॅट करा, सिस्टिम नव्याने टाका. तो मुळीच ऐकू नका. साठवलेली मोजमापं जातात आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

सर्वांत आधी सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज या कमांडचं आउटपुट एका फाइलमध्ये उतरवून घ्या.

मग वीज. बोर्डाला वीज कमी पडली का हे कळायला व्हीसीजेनकमांड या कमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारा. उत्तर शून्य आलं तर पुढे चला. ५०००० आलं तर बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं होतं. ५०००५ आलं तर या क्षणीही ते कमीच आहे. मोबाइलचा चार्जर काढा आणि मॉडेल ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर द्या. मॉडेल ५ ला ५ अँपिअरचा लागतो. त्याला ३ अँपिअरचा लावला की सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात आणि डिस्क उठत नाही.

आता खरी अडचणीची जागा, आय-टू-सी, म्हणजे सेन्सर आणि बोर्ड यांना जोडणारी डेटा आणि क्लॉक या दोन वायरींची बस. याच टप्प्यावर लोक चांगले सेन्सर फेकून देतात.

बसवर काय जोडलंय त्याचा तक्ता देणारी आयटूसीडिटेक्ट कमांड चालवा, बस क्रमांक १. तक्ता झरकन आला आणि रिकामा असला, तर वायर सुटली आहे. तक्त्याऐवजी बस उघडत नाही अशी एरर आली, तर कॉन्फिग फाइलमधली आय-टू-सीची ओळ गेली आहे. पण तक्त्याचं एकेक घर रांगत भरत असेल, तर बस अडकली आहे. मल्टिमीटरने खात्री करा: मीटरची काळी वायर बोर्डाच्या पिन ६ वर (ग्राउंड), लाल आधी ३ वर (डेटा), मग ५ वर (क्लॉक). दोन्हीकडे ३.३ व्होल्टच्या आसपास हवेत. डेटावर शून्य दिसलं तर कुणीतरी ती लाइन खाली ओढून धरली आहे.

हे होतं असं. सेन्सर शून्याचा बिट पाठवत असतानाच बोर्ड अडकला. सेन्सर क्लॉक लाइनवरच्या पुढच्या ठोक्याची वाट पाहत डेटा लाइन धरून बसला. रीबूटमध्ये ३.३ व्होल्टचा पुरवठा तुटत नाही, त्यामुळे बोर्ड नव्याने सुरू झाला हे सेन्सरला कळतच नाही. दहा वेळा रीबूट केलंत तरी तो तिथेच असतो.

म्हणून शटडाउन करा आणि प्लग काढा. एचडीएमआय केबल आणि स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हबही काढा, कारण त्यांच्यातून बोर्डाला उलटी वीज मिळत राहते. पिन १ वर मीटर शून्य दाखवेपर्यंत थांबा आणि मगच परत चालू करा.

डीएस३२३१ घड्याळ जोडलेलं असेल तर एवढ्यानेही सुटेलच असं नाही. त्याची बटण सेल त्याला जिवंत ठेवते, आणि अडकलेली लाइनही तशीच राहते. सेल काढली तर घड्याळातली वेळ पुसली जाते. त्यापेक्षा बोर्ड चालू ठेवून पिन ५ ला ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडचा स्पर्श द्या, नऊ-दहा वेळा. प्रत्येक स्पर्श म्हणजे क्लॉकचा एक ठोका; चिपचा उरलेला बाइट संपला की डेटा लाइन वर येते. रेझिस्टर वगळू नका. शेजारीच ५ व्होल्टची पिन ४ आहे, हात घसरला तर बोर्ड जाईल.

डेटावर शून्य नाही, पण दोन-अडीच व्होल्टच येतात? मग खारी हवा बघा. पिनांच्या मुळाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसेल. दमटपणात तिच्यातून करंट झिरपतो. वीज बंद करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. तेलाचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते.

अपडेट चालू असतानाच लाइट गेली होती का? मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एका आणि ड्रायव्हर दुसऱ्याच आवृत्तीचे, असं होतं. यूनेम वजा आर ही कमांड जी आवृत्ती सांगते, त्या नावाचं फोल्डर लिब-मॉड्यूल्समध्ये हवं. नसेल तर पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला अर्धवट काम पुरं करायला लावा आणि कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवा.

यूएसबीचं सोपं आहे. डीमेसेजमध्ये उणे ७१ किंवा उणे ११० हा एरर क्रमांक दिसला तर आधी केबल बदला. मॉडेल ४ चे चारही यूएसबी-ए पोर्ट एकाच व्हीएल८०५ चिपवर चालतात, म्हणून चारही एकदम गेले तर जोडलेल्या चिपांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयमध्ये ती चिप दिसते का ते पाहा. डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये डिस्क दिसते पण उघडत नाही, तर ती अनमाउंट ठेवूनच, म्हणजे सिस्टिमपासून सोडवूनच, डिस्क तपासून दुरुस्त करणारी एफएससीके कमांड चालवा. माउंट असताना चालवलंत तर वाचलेला डेटाही जाईल.