दसऱ्याला मडकं टांगा, होळीआधी उतरवा: सोलापुरात घरच्या घरी बजरी पाळताना

बजरी हा छोटा पोपट, पण सोलापुरात त्याला बजरी म्हणून कुणी ओळखत नाही. दुकानात जाऊन "लव्हबर्ड आहेत का" असंच विचारतात आणि दुकानदारही हिरव्या-निळ्या बजरीच दाखवतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, गुटगुटीत. बजरी ऑस्ट्रेलियाची, लांब शेपटीची, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेली. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरी इंग्लंडला नेल्या आणि तिथून त्या जगभर घरोघरी गेल्या. आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बजरी परदेशी असल्यामुळे तिला ती बंदी नाही.

हा पक्षी मूळचा कोरड्या मुलखातला. तिकडे पाऊस कधी पडेल याचा भरवसा नसतो. पडला, गवत दाण्यावर आलं, की त्यांची अंडी-पिल्लांची गडबड सुरू होते. आपल्याकडेही पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. म्हणून अंडी घालायला मडकं कसलं घ्यावं यापेक्षा ते कधी टांगायचं आणि कधी उतरवायचं, हे आधी ठरवा.

जागा

दोन-तीन जोड्यांसाठी साधारण ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि माणसाला आत उभं राहता येईल इतका उंच जाळीचा खोका पुरतो. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण बजरी आडवी उडते. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, त्याहून मोठ्या भोकातून उंदराची पिल्लं आत शिरतात. नव्या जाळीवरचा जस्ताचा मुलामा चोचीने खरवडला गेला तर विषबाधा होते, म्हणून जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवूनच लावा. दाराला आतून दुसरं दार किंवा जाड पडदा हवाच. दाणे घालताना एक पक्षी उडाला की गेलाच, तो परत येत नाही.

तोंड पूर्वेला ठेवा. कोवळं ऊन आत यावं, दुपारनंतरचं येऊ नये. पश्चिमेची बाजू गोणपाटाने किंवा हिरव्या शेडनेटने बंद करा. पत्र्याच्या शेडखाली पिंजरा ठेवूच नका. मी एकदा ठेवला होता, आणि वर मे महिन्यातही मडकी काढली नव्हती. सकाळी मडक्यात चार पिल्लं होती. दुपारी मादी बाहेर बसून, पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होती. मडक्यात हात घातला तर आतली हवा चुलीजवळच्यासारखी गरम. संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं मेली.

बसायला कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या बांधा, काही जाड, काही बारीक. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या नकोत. फांदी हलता कामा नये. डगमगत्या फांदीवर जोडीचा मेळ नीट जमत नाही आणि अंडी फुकट जातात.

आता चादरीचं. थंडीत पिंजरा झाकायला आपल्याकडे हाताशी काय असतं, तर सोलापुरी चादर नाहीतर टॉवेल. टॉवेल अजिबात वापरू नका. त्याच्या फासांत बजरीची नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय मोडतो. चादर चालेल, पण काठाचे सुटे दोरे आधी कात्रीने कापा. आमच्याकडे एका नराच्या पायाला दोरा गुंडाळला गेला तो दोन दिवस कळलाच नाही. बोट काळं पडून गळून गेलं. अजून तो तीन बोटांवर बसतो, छान बसतो, पण चूक माझीच.

नर-मादी ओळखणं

चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मऊ पट्टी असते. मोठ्या नराची ती निळी. मादीची फिकट किंवा तपकिरी, आणि अंड्यांवर येताना तर खरबरीत, वाळलेल्या खपलीसारखी. पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण पिवळ्या बजरीत मात्र नराची पट्टी गुलाबी-जांभळीच राहते, तिथे दुकानदारही फसतो. कोवळ्या पक्ष्याच्या कपाळावर रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा सगळा काळा दिसतो. मोठा झाला की कपाळ मोकळं होतं, डोळ्यात पांढरट कडं येतं.

मादी वर्षाची झाल्याशिवाय मडकं देऊ नका. लहान वयात अंडं अडकतं. एका घरातली भावंडंही जोडीला लावू नका; दुकानातून एकाच पिंजऱ्यातल्या दोन आणल्या तर त्या बहुधा भावंडंच निघतात.

रंगाची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा: हिरवा निळ्यावर चढतो. दोन हिरव्यांच्या पोटी निळं पिल्लू येऊ शकतं, दोन साध्या निळ्यांच्या पोटी हिरवं येत नाही.

दाणापाणी

राळे आणि बारीक बाजरी हा मुख्य आहार. दुकानात राळ्याला 'कांगणी' म्हणतात आणि भावही चढा लावतात. भोगीला राळ्याचा भात करता ना, तेच ते. किराणा दुकानात सालासकट मिळाले तर तिथूनच घ्या. सालं काढलेले नकोत, सोलून खाणं हेच तर तिचं दिवसभराचं काम.

दाण्याच्या वाटीत वर सालपटं साचतात आणि वाटी भरलेली दिसते. नवखी माणसं इथेच फसतात, वाटी 'भरलेली' असताना पक्षी उपाशी राहतात. रोज फुंकर मारा किंवा सुपात पाखडून बघा, खाली दाणे किती उरलेत ते.

कोथिंबीर, पालक, मेथी रोज थोडी, धुऊन. कोथिंबिरीची ओली जुडी टांगली तर खाणंही होतं आणि अंघोळही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस जाळीला अडकवा. काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. अंड्यांवरच्या मादीला त्याशिवाय चालत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, खारे पदार्थ बंद. नॉनस्टिक तवा तापून धुरावला तर माणसाला सहसा फारसं काही होत नाही, बजरी मात्र मिनिटांत मरते; पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब ठेवा.

पाण्याचं आपल्याला माहीतच आहे. नळ काही दिवसांआड येतो, पिंपातलं पाणी शिळं होतं. पक्ष्यांसाठी झाकलेलं वेगळं भांडं ठेवा आणि वाटी रोज बदला, उन्हाळ्यात दोनदा.

मडकं

दसऱ्याच्या सुमारास टांगा. कुंभाराकडून मध्यम आकाराचं मडकं आणून बाजूला दोनेक इंचाचं भोक पाडून घ्या, तोंडाला झाकण बांधा म्हणजे आत बघता येईल. लाकडी खोका चालतो, पण आपल्या कोरड्या हवेत मातीचंच बरं. तळाशी सुताराकडचा रंध्याचा भुसा दोन बोटं घाला. रिकाम्या गुळगुळीत मडक्यात पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात.

तीन जोड्यांना पाच मडकी, सगळी एकाच उंचीवर, सगळी एकाच दिवशी. एखादं वर टांगलं की सगळ्या माद्यांना तेच हवं असतं. भांडणात माद्या एकमेकींची अंडी फोडतात, पिल्लंही मारतात. जोडीदार नसलेली मादी तर आधी बाहेर काढा, ती सगळ्यांच्या घरात डोकावते.

मेळ झाल्यावर आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं येतं, मग एक दिवसाआड एक, साधारण चार ते सहा. मडक्यावर खडूने तारीख लिहा. प्रत्येक अंडं १८ दिवसांनी फुटतं. मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, म्हणून पिल्लंही एक दिवसाआड निघतात. पाच अंडी असतील तर थोरल्या-धाकट्यात आठ दिवसांचं अंतर पडतं. थोरलं डोळे उघडायच्या बेतात असतं तेव्हा धाकटं नुकतं वाटाण्याएवढं. दिवसातून एकदा, मादी बाहेर आली की, झाकण काढून बघा. धाकट्याची गळ्याखालची अन्नपिशवी फुगलेली दिसली तर काळजी नाही. सपाट दिसली तर त्याला त्याच्याच वयाच्या पिल्लांच्या मडक्यात हलवा.

आठवडाभर बसलेलं अंडं मोबाइलच्या उजेडासमोर धरलं तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. काहीच दिसलं नाही तरी लगेच फेकू नका. रिकामी अंडी पिल्लांना टेकायला होतात.

दहाव्या दिवसानंतर भुसा बदलत राहा. पिल्लाच्या नखांवर विष्ठेचे गोळे वाळतात. ओढू नका, कोमट पाण्यात भिजवून सोडवा. वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला खाणं अडकून वाळलं तर चोच वाकडी वाढते. आगपेटीच्या काडीच्या बोथट टोकाने अलगद काढता येतं.

आणि हुरडा! डिसेंबर-जानेवारीत पिल्लं मडक्यात असतात आणि नेमकी तेव्हाच ज्वारी दुधावर येते. कोवळ्या ज्वारीचं अख्खं कणीस, न भाजलेलं, पिंजऱ्यात टांगा. चटणी आपल्याला, कणीस त्यांना! बाजारचं कुठलंही 'ब्रीडिंग फूड' मला याच्या जवळपास जाणारं दिसलेलं नाही. औषध फवारलेल्या रानातलं मात्र नको. सोबत उकडलेलं अंडं कुस्करून थोडं, आणि उरलेलं दोन तासांत उचला.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाची रात्र असते तेव्हा पिंजऱ्याजवळ झिरोचा बल्ब लावून ठेवा. अंधारात आवाजाने बजरी बिथरतात, जाळीवर आपटतात, आणि अंड्यांवरून उठलेल्या मादीला अंधारात मडक्याचं भोक सापडत नाही.

आजारपण

पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली, शेपटी खाली-वर हलवणारी बजरी आजारी समजा. अशी मादी तळाशी बसून जोर करताना दिसली तर अंडं अडकलं आहे. उबेला बल्बखाली ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. तेल लावणं, दाबून काढणं हे उपाय करू नका, अंडं आत फुटतं. चोचीभोवती पांढरी, स्पंजासारखी खरखर दिसली तर ते किडे असतात. औषध डॉक्टरकडूनच, डोसाचा थेंबही मोजून द्यावा लागतो. लाल मुंग्या चढू नयेत म्हणून पिंजऱ्याचे, किंवा तो टेबलावर असेल तर टेबलाचे, पाय पाण्याच्या वाटीत ठेवा. मुंग्या एका रात्रीत पिल्लं संपवतात.

मडकं उतरवणं

पिल्लू पाचव्या आठवड्यात मडक्याबाहेर येतं, पुढचा आठवडाभर बाप भरवतो. स्वतः दाणा सोलताना दिसलं की वेगळ्या पिंजऱ्यात घाला, कारण तोवर आई दुसऱ्या अंड्यांवर आलेली असते आणि पिल्लांना चोची मारते. दुसरी खेप साधारण फेब्रुवारीअखेर उडते. तिसरीचा मोह आवरा. मादी पोखरून जाते, आणि पुढे आपलं ऊन आहेच.

होळीच्या आधी मडकी काढा, घासा, गच्चीवर उन्हात उलटी टाका. माद्या चार-पाच दिवस टांगलेल्या दोरीपाशी जाऊन कलकलाट करतात. करू द्या. पिल्लं कुणाला देणार असाल तर दोन-दोनच द्या, आणि नर कोण, मादी कोण ते कागदावर लिहून द्या. नाहीतर महिनाभराने फोन येतो: "लव्हबर्ड दिलेत ना, मग दोघी भांडतात का?"